बोरीवलीची पट्टी, मुलुंडची पट्टी

बोरीवली पूर्व
रविवार, १३ जुलै २०२५

शौनक,

पत्र बघून दचकला असशील. दचक. मी तुला फोनवर ब्लॉक केलंय आणि ते काढणार नाही. काढलं तर तुला वाटेल जान्हवी नरमली. पत्राचं तसं नसतं. वीज कंपनीलाही लोक पत्र लिहितात. हे कामाचं पत्र आहे असंच समज.

तुझा मैसूरचा पत्ता देवदत्त सरांकडून घेतला. देताना त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलले ते दुसरंच. "दसऱ्यापर्यंत बघू. तोवर तुझी पट्टी साध्या राहत्या घराच्या हवेत स्थिर राहिली नाही, तर गोठ्यात लावायचं विसर. विषय बंद. तुला बॅटरीवाल्या गटात घेतो." बॅटरी, शौनक! तीन वर्षं मी या नारिंगी पट्ट्यांच्या मागे घालवली, आणि आता मी बॅटऱ्या मोजत बसू?

आणि हे कोणामुळे? तू सहा महिन्यांसाठी मैसूरला निघताना शेवटच्या मीटिंगमध्ये जे बोललास त्यामुळे. "सर, माझी पट्टी मुलुंडच्या घरात सरळ रेषेत आहे, जान्हवीची बोरीवलीला उड्या मारते. साहित्य एक, लेझर एक. फरक करणाऱ्याच्या हातात असावा." वर बाहेर येऊन मलाच विचारलंस, "तुझा हात थरथरतो का गं?" त्यावर मी तुला जे बोलले ते इथे परत लिहीत नाही. छान बोलले होते, तुझ्या लक्षात असेलच.

आज आईने विचारलं, भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी हे काय लटकवलंयस. तिला समजावलं ते तुलाही सांगते, म्हणजे मला विषय कळतो याची तुझी खात्री पटेल. म्हटलं, हे नारिंगी प्लास्टिक आहे, उष्णतेला न वितळणारं. त्यावर लेझर फिरवला की वरचा थर जळून काळा होतो, पण तो नुसता कोळसा नाही, त्याला ग्राफीन म्हणतात. त्यातून वीज जाते. हवेतला अमोनिया त्यावर बसला की वीज अडते, आणि किती अडली ते मोबाइलवर आकड्यात दिसतं. पट्टी कापडासारखी वाकते, त्यामुळे आरेच्या गोठ्यात खांबाला गुंडाळता येईल. म्हशींच्या मुताने हवा खराब झाली की गोठेवाल्याला डोळे चुरचुरायच्या आधी कळेल.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे ह्या आमच्या घरात कित्याक? हंय खंय म्हशी असत?"

तिलाही कळतंय की पट्टीने इथे गप्प बसायला हवं. पट्टीला कळत नाही.

जान्हवी

---

बोरीवली
गुरुवार, २४ जुलै

शौनक,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींत तीन प्रश्न विचारायची कला तुझीच. दमटपणा तपासला. तारा बदलल्या. पंख्याचा वारा थेट लागत नाही. आणि "मुलुंडची पट्टी अजूनही सरळ आहे" या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. रेघ! मैसूरला बसून मोबाइलवर मुलुंडची भिंत बघतोस आणि मला रेघा मारून पाठवतोस.

तू म्हणतोस पट्ट्यांची अदलाबदल करू. तुझी माझ्या घरी, माझी तुझ्या घरी. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. पण हात थरथरतो का असं विचारून झाल्यावर अदलाबदल करणं म्हणजे मी स्वतःच परीक्षेला बसणं. नाही बसणार. मी नव्या पट्ट्या करीन आणि त्या सरळ राहतील.

म्हणून परवा अंधेरीला आपल्या ट्रॉफीवाल्याकडे गेले. लेझरला रांग होती. माझ्या पुढे "उत्कृष्ट कबड्डीपटू" आणि मागे कुणाची तरी लग्नपत्रिका, जाळीदार मोर असलेली. मी लेझरचा वेग कमी ठेवून अगदी सावकाश चार पट्ट्या जाळल्या. मालक म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळात मी पाच मोर कापतो." म्हटलं, कापा, तुमच्या मोरांना दसऱ्याची मुदत नाही.

त्यातली एक घरी आणून लावली. आणि आज? आज वाट लागली. आकडा सकाळपासून चढतोय तो उतरायचं नावच घेत नाही. उद्यापासून श्रावण, म्हणून घरात नुसता गोंधळ आहे. गुरुवार असूनही बाबा सकाळीच बाजारातून दोन पिशव्या भरून बांगडे आणि कोलंबी घेऊन आले, आईने डब्यातलं सुकटही भाजायला काढलंय, महिनाभर पुरेल एवढं सगळे एका दिवसात जेवणार आहेत. अशा गडबडीत मी भिंतीला नाक लावून उभी, आणि येता-जाता बाबा स्वतःचंच नाव घेऊन म्हणतात, "बाळा मेस्त्रीची पोरगी भिंतीशी बोलता." शेवटी वैतागून मीही जेवून घेतलं. बांगडे झकास होते. बाकी सगळं वाईट आहे.

जान्हवी

---

बोरीवली
रविवार, १७ ऑगस्ट

शौनक!

सरळ! तुझ्या मुलुंडसारखी सरळ! श्रावण लागल्यापासून पट्टी अशी बसलीय, जणू पोथी ऐकतेय. मधे एकदा मलाच शंका आली म्हणून अमोनियाचा एक थेंब कापसावर घेऊन जवळ नेला, तर टुणकन उडी मारली आणि थोड्या वेळात शहाण्यासारखी खाली आली. जिवंत आहे आणि शांत आहे, यापेक्षा पट्टीने काय करावं?

सरांना आलेख दाखवला. ते "अरे वा" म्हणाले. तीन वर्षांत तू कधी त्यांच्या तोंडून "अरे वा" ऐकलंस? मी नाही. सर म्हणाले, गणपती झाले की आरेला जाऊ.

कारण मला माहीत आहे. लेझरचा वेग. सावकाश जाळलं की थर एकसारखा बसतो. मी यावर दोन पानं लिहूनही टाकलीत, आकृतीसकट. तुझ्या घाईच्या हातांना हे कधी सुचलं नसतं. हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

हो, ब्लॉक काढलाय. आलेख पाठवायला. लगेच तू "अभिनंदन" आणि टाळ्या पाठवल्यास, ते बरं वाटलं. पण बोलणं पत्रातच. फोनवर तू नुसता "हं" करतोस, आणि त्या "हं"चे मी दिवसभर अर्थ लावत बसते. कागदावर तुला निदान पूर्ण वाक्य लिहावं लागतं. मागच्या वेळी तर चक्क पान भरलंस, चामुंडीच्या डोंगराबद्दल, आणि शेवटी लिहिलंस की इथल्या प्रयोगशाळेत कोणी भांडत नाही, त्यामुळे कामात मजा नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. जास्त नाही.

आई विचारत होती, तो मुलुंडचा उंच मुलगा हल्ली येत नाही का. म्हटलं, बाहेरगावी आहे. ती म्हणाली, "मगे तुझा तोंड कित्याक उतारला?" आता तोंड उतरलेलं नाही हे तिला सांग.

जान्हवी

---

बोरीवली
मंगळवार, २ सप्टेंबर

शौनक,

बसून वाच. आधी वाईट सांगते, मग चांगलं. चांगलं खूप चांगलं आहे.

काल गौरीपूजन. तुमच्याकडे पुरणपोळी असेल, आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण वर्षातून एकदा येणार, तिला तिच्या आवडीचं नको का? म्हणून कुर्ल्यांचं, तुमच्या भाषेत खेकड्यांचं, कालवण, कोलंबी, वडे. पण शेजारी बाप्पा बसलेले, त्यांना हे चालत नाही. म्हणून दोघांच्या मधे पडदा लावतात. आमच्याकडे आईची जुनी सुती साडी दोरीवर टाकतात. तिकडे मोदक, इकडे कुर्ल्या. श्रावणापासून घरात मासळी नव्हती, त्यामुळे काल सकाळी आई कुर्ल्या साफ करायला बसली ती अगदी गाणं म्हणत.

आणि पट्टी उडाली. इतके दिवस पोथी ऐकत होती ती काल सकाळी चढायला लागली आणि नैवेद्य मांडेपर्यंत थेट आषाढातल्या आकड्यावर. सरांना सांगून बसलेय, दोन पानं लिहून बसलेय, आरेला जायचं ठरलंय. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून रडले, शौनक. आरती चालू होती म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही. वाटलं, खरंच माझ्या हातातच काही नाही. तूच बरोबर होतास.

आईने आरतीनंतर ताट आणून समोर ठेवलं. डोक्यावरून हात फिरवून गेली. मी एका हातात मोबाइल आणि एका हातात कुर्लीची नांगी घेऊन बसले. नांगी फोडली, आकडा वाढला. मला वाटलं भास झाला. ताट घेऊन उठले, भिंतीजवळ गेले. आकडा आणखी वर. मोबाइल बाबांच्या हातात कोंबून ताट घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. बाबांना ओरडून म्हटलं, "बाबा, आकडा वाचा!" ते वाचायला लागले. उतरतोय, उतरतोय, उतरतोय.

शौनक, पट्टी बिघडलेली नव्हतीच. ती मासळीचा वास घेत होती! मासळीतून येणारे वायू म्हणजे अमोनियाची सख्खी चुलतभावंडं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण आमच्या घरात तो वास आम्हाला येतच नाही. तो घराचाच वास आहे. कोणी स्वतःच्या घराचा वास मोजतं का? रात्रंदिवस मी पट्टीला विचारत होते तुला झालंय काय, आणि ती बिचारी सांगत होती, आज बांगडे आहेत. जुने आलेख काढले. बुधवार, शुक्रवार, रविवार वर. सोमवार, गुरुवार, शनिवार खाली. आईचे सगळे वार पट्टी पाळत होती, आणि मी त्यातून सरासरी काढत होते! श्रावणात ती शांत होती, कारण आम्ही शाकाहारी होतो. माझ्या सावकाश लेझरचा काही संबंध नाही. ती दोन पानं फाडली आणि फाडताना हसले.

पडदा बाप्पांपुरता होता, पट्टीला कोण अडवणार?

मी नांगी हातात घेऊन नाचले. खरंच नाचले, गौरीसमोर. आई म्हणाली, "गौर बऱ्यापैकी पावली हिका." मग तिला सगळं सांगितल्यावर ती भिंतीकडे बघून म्हणाली, "बघ, तिका वास येता. माका तर खंयचोच येणा नाय."

सरांना लगेच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक. बोरीवलीचं कळलं. आता मुलुंडचं सांग. त्या घरात मासळी नसेल, पण उंदीर, फिनेल, संडास, कसलाच वास नाही? इतकी सरळ रेष मेलेल्या माणसाची असते." आणि फोन ठेवला.

म्हणजे आता पेच तुझ्या पट्टीचा आहे. दोन्ही पट्ट्यांचा हिशोब लागल्याशिवाय सर आरेला येणार नाहीत, आणि दसरा जवळ आलाय. मी १४ तारखेला, रविवारी, तुझ्या घरी जातेय. तुझ्या आईला फोन करून ठेव. अदलाबदलीसाठी नाही. बघायला.

जान्हवी

---

बोरीवली
रविवार, १४ सप्टेंबर

शौनक,

तुझ्या घरी जाऊन आले. तुझ्या आईने मला साबुदाणा खिचडी, मग चहा, मग परत खिचडी दिली. मी तुझ्याशी भांडले होते हे त्यांना माहीत आहे, कारण पहिलंच वाक्य ते होतं. "तूच का ती? मग बरोबर भांडलीस. तो लहानपणापासून रेघा मारतो."

तुझं घर बघितलं. काय स्वच्छता! टीव्हीचा रिमोट पारदर्शक पिशवीत, वर रबरबँड. एसीचा रिमोट तसाच. फ्रिजच्या हँडलला कापडी मोजा. मिक्सरला झालर लावलेला फ्रॉक. सोफ्यावर चादर आणि चादरीवर दुसरी चादर, पहिली मळू नये म्हणून. मी हसू आवरत भिंतीवर तुझ्या पट्टीकडे गेले.

शौनक, तुझी पट्टी पिशवीत आहे.

अगदी मापाने कापलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी, एक सुरकुती नाही. निघेपर्यंत तुझ्या नजरेला ती दिसलीच नसणार, तुमच्याकडे सगळंच पिशवीत. मी विचारलं, "काकू, हे कधी केलंत?" तर वसुधाकाकू अभिमानाने म्हणाल्या, "ज्या दिवशी त्याने लावली त्याच दिवशी. एवढं महागाचं काहीतरी भिंतीवर उघडं ठेवतात का? धूळ बसते गं."

मी जमिनीवर बसून हसले. काकूंना वाटलं मला चक्कर आली, त्या पाणी घेऊन धावल्या. सांगितल्यावर त्याही हसायला लागल्या, मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "म्हणजे त्याचं काम माझ्यामुळे बिघडलं?" म्हटलं, नाही काकू, नुसतं झाकलं गेलं. तुम्ही फार चांगलं झाकता.

मग त्यांनीच नखाने चिकटपट्टी सोडवली. आम्ही दोघी मोबाइलवर बघत बसलो. आकडा जरा हलला आणि शांत झाला. तेवढ्यात त्यांना आठवलं की केसांना लावायचा रंग कालवून ठेवलाय आणि तो सुकेल. वाटी घेऊन त्या बाहेर आल्या मात्र, तुझ्या पट्टीने टुणकन उडी मारली. केसांच्या रंगात अमोनिया असतो! काकूंनी टाळी वाजवली. आजच्या आलेखात तुला जो डोंगर दिसेल, तो तुझ्या आईचे केस आहेत. "शौनकला सांगू नको" असं त्या म्हणाल्या आहेत. मी नाही सांगितलं, तुझ्या पट्टीने सांगितलं.

तर तुझी पट्टीही चांगली आहे. अगदी माझ्याइतकी. माझी बोलत होती, तुझीचं तोंड बांधलेलं होतं. हे मी मोठ्या मनाने लिहितेय, त्याची नोंद घे.

निघताना काकूंनी हळदीकुंकू लावलं आणि विचारलं, "परत येशील ना? तो नसला तरी?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नकोस.

सरांना वाटेतूनच कळवलं. ते फोनवर हसले, शौनक. उद्यापासून दोन्ही पट्ट्या आरेला. एकाच खांबाला, शेजारी सरांचं विकतचं मीटर. मीटर सांगेल ते दोघींनी सांगायचं, नाहीतर बॅटऱ्या.

जान्हवी

---

बोरीवली
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

शौनक,

तू दसऱ्याला मैसूरहून आलास, आत्ता आमच्या बाहेरच्या खोलीत बाबांच्या शेजारी बसलायस, आणि मी आत ओट्यापाशी उभी राहून तुला पत्र लिहितेय. हसू नकोस. आरेचं तुला फोनवर फक्त "झालं" एवढंच सांगू शकले. तोंडाने बोलायला गेले की माझं भांडण होतं. सवय पत्राची लागलीय, म्हणून सगळं इथे.

गोठ्यात दोन्ही पट्ट्या पंधरा दिवस एकाच खांबाला होत्या. दशरथदादा म्हणून तिथले गोठा बघणारे आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताई, ह्या राख्या कोणी बांधल्या?" परवा सर आले. तिन्ही आलेख एकावर एक ठेवले. पहाटे गोठा बंद असताना मीटर वर, पट्ट्या वर. पाणी मारून झालं की मीटर खाली, पट्ट्या खाली. तुझी आणि माझी रेघ इतकी जवळून जात होती की सरांना चष्मा काढून बघावं लागलं. एका दुपारी दशरथदादांनी आकडा बघून मागची दारं उघडली, तेही आलेखात दिसतं. त्या वेळी सरांचं मीटर अजून विचार करत होतं.

सर म्हणाले, "जान्हवी, पुढच्या सगळ्या पट्ट्या तूच कर. बॅटरीवाल्यांना मी नको म्हणून सांगतो."

मी तिथेच रडले. समोर शंभरेक म्हशी, पायाखाली शेण, आणि मी आनंदाने हमसून हमसून रडतेय. सर गडबडले, म्हणाले, "अमोनिया फार आहे का?" म्हटलं, हो सर. एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि तो झाला तेव्हा मी पहिल्यांदा मागे वळून तुला शोधलं. तू तिथे नव्हतास. हे सांगायलाच पत्र लिहितेय.

नवरात्र संपलं, आज शुक्रवार. बाबा सकाळी पापलेट घेऊन आले. तुझ्यासाठी आईने वाटाण्याची उसळ आणि वरणभात केलाय, वेगळ्या भांड्यात, त्याची काळजी नको. पण आत्ता तिने जाऊन तुला जे विचारलं ते मी इथून ऐकलं. आमची आई आडपडदा ठेवत नाही. "रे शौनक, आमच्या चेडवाच्या घरात मासळी शिजतली. आज, उद्या, जल्मभर. तुका वास चलात मां?"

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मीच. माझ्या हातातून पळी पडली. बाबा खोकले. आणि तू, नेहमीसारखा आधी "हं" म्हणालास. मग म्हणालास, "वास येतो, काकू. पण इथून उठून जावंसं वाटत नाही. घरी आईलाही विचारलं मी. ती म्हणाली, गुरुवारी दोघं माझ्याकडे जेवायला या, बाकीच्या दिवशी खिडकी उघडी ठेवा."

म्हणजे तू तिकडे आधीच विचारून आलास. मुलुंडला विचारलंस, बोरीवलीला आईला सांगितलंस, फक्त मला विचारायचं राहिलं.

तुला वेळ लागतो, मला माहीत आहे. जेवण होईपर्यंत धीर गोळा करशील, मग भलतंच काहीतरी बोलशील, दमटपणाबद्दल. म्हणून हा कागद तुझ्या ताटाखाली सरकवतेय. विचार सावकाश. माझं उत्तर हो आहे.

जान्हवी